बुडत्या जहाजातून कोण वाचते? एका वादाचा आढावा

प्रश्न आणि त्याच्या बाजू

प्रवासी जहाज बुडाल्यानंतरच्या चौकशीत ते का बुडाले या प्रश्नाला अग्रस्थान मिळते आणि नौकाबांधणी, हवामान, भार व हुकूम यांची तपासणी करून त्याचे उत्तर कधी काही महिन्यांत, तर कधी काही दशकांनी, परंतु बहुतेक वेळा हाती लागते. त्याच जहाजावरची काही माणसे वाचली आणि काही बुडाली, या वाटणीमागे काही नियम होता काय, हा दुसरा प्रश्न मात्र दीर्घकाळ शौर्यकथा आणि दोषारोप यांच्याच स्वाधीन राहिला. गेल्या चार दशकांत समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या शाखांतील अभ्यासकांनी तो आपापल्या परीने हाती घेतल्यामुळे त्याला आता संशोधनक्षेत्राचे रूप आले आहे.

वादात ठोकळमानाने तीन बाजू दिसतात. पहिलीच्या मते जीवावर बेतले तरी समाजाने रुजवलेले संकेत टिकून राहतात आणि दुर्बलांना आधी वाट दिली जाते. दुसरीच्या मते असे संकेत ही किनाऱ्यावरच्यांची समजूत असून बुडत्या डेकवर जो तो आपला जीव वाचवतो. तिसरी बाजू उशिरा पुढे आली. पहिल्या दोन्ही बाजू माणसाच्या इच्छेला अवाजवी महत्त्व देतात, असे तिचे म्हणणे आहे. तिच्या मते वाचणे वा न वाचणे हे जहाज किती वेळात बुडाले, कोणत्या कुशीवर कलले, माणूस त्या क्षणी कोणत्या मजल्यावर होता आणि पाणी किती थंड होते, यांवरच मुख्यतः ठरते.

संकेताची घडण

स्त्रिया आणि मुले यांना आधी उतरवावे हा संकेत सागरी कायद्यातून आलेला नाही. त्याचा उगम सामान्यतः २६ फेब्रुवारी १८५२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत खडकावर आपटलेल्या ‘बर्केनहेड’ या ब्रिटिश सैनिकी जहाजाशी जोडला जातो. जहाजावरील सुमारे ६४० जणांपैकी दोनशेहून कमी वाचले. पण त्यांत सर्व स्त्रिया व मुले होती, कारण अधिकाऱ्यांच्या हुकुमानुसार सैनिक डेकवर रांगेत उभे राहिले आणि त्यांना घेऊन निघालेल्या नौका उलटतील या भीतीने त्यांच्या मागे पोहत गेले नाहीत. व्हिक्टोरियन इंग्लंडने या प्रसंगाचा आदर्श केला. जहाजावर स्त्रिया व मुले मिळून जेमतेम विसेक होती आणि त्यांना वाट देणारे पुरुष लष्करी शिस्तीखालचे होते, ही गोष्ट त्या गौरवात मागे पडली.

त्याच काळातील इतर घटना या आदर्शाला मुळीच पुष्टी देत नाहीत. १८५४ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ टक्कर होऊन बुडालेल्या ‘आर्क्टिक’ या अमेरिकी जहाजावरील नौका मोठ्या प्रमाणात खलाशांनीच बळकावल्या आणि वाचलेल्यांत एकही स्त्री वा मूल नव्हते. १ एप्रिल १८७३ रोजी हॅलिफॅक्सजवळ बुडालेल्या ‘अटलांटिक’वरील सर्व स्त्रिया मृत्युमुखी पडल्या आणि मुलांपैकी केवळ एक मुलगा वाचला. हे जहाज ज्या व्हाइट स्टार लाइन कंपनीचे होते, तिच्याच मालकीच्या दुसऱ्या एका जहाजाने पुढे एकोणचाळीस वर्षांनी या संकेताला जगभर मान्यता मिळवून दिली, हा इतिहासातील विपर्यास म्हणावा लागेल.

टायटॅनिक : आकडे आणि त्यांचे अर्थ

‘टायटॅनिक’ १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगावर आदळले आणि २ तास ४० मिनिटांनी बुडाले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती. वीस जीवरक्षक नौकांत १,१७८ जणांची सोय होती आणि प्रत्यक्षात सातशेच्या थोडे वर लोक वाचले. नौका कमी असणे बेकायदा नव्हते, कारण ब्रिटिश व्यापार मंडळाच्या १८९४ पासूनच्या नियमांत १०,००० टनांवरील कोणत्याही जहाजाला सोळा नौका पुरेशा मानल्या होत्या आणि टायटॅनिकचे टनेज ४६,००० च्या वर गेले तरी नियम तेथेच थांबला होता.

लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश चौकशीने वर्ग, लिंग आणि वय यांनुसार केलेला तक्ता हा या संपूर्ण क्षेत्राचा पाया ठरला. त्यानुसार पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या, दुसऱ्या वर्गातील ९३ पैकी ८० आणि तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६. पुरुषांत पहिल्या वर्गाचे १७५ पैकी ५७, दुसऱ्याचे १६८ पैकी केवळ १४ आणि तिसऱ्याचे ४६२ पैकी ७५ वाचले. तिसऱ्या वर्गातील ७९ मुलांपैकी २७ वाचली, तर पहिल्या दोन वर्गांतील सर्व मुले वाचल्याचे तक्ता सांगतो. पहिल्या वर्गातील एक लहान मुलगी दगावल्याचे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. जगात सर्वाधिक तपासलेल्या यादीतही अशी चूक राहते, ही गोष्ट पुढील चर्चेसाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे आकडे दोन दिशांनी वाचता येतात. स्त्री आणि पुरुष यांची तुलना केली तर संकेत पाळला गेला असे निर्विवाद दिसते. पहिल्या वर्गातील दोन-तृतीयांश पुरुष बुडाले आणि दुसऱ्या वर्गातील पुरुषांची स्थिती तर तिसऱ्या वर्गापेक्षाही वाईट होती. तिन्ही वर्गांतील स्त्रिया आणि मुले यांची आपसांत तुलना केली तर चित्र पालटते, कारण तिसऱ्या वर्गातील निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि सुमारे दोन-तृतीयांश मुले गेली. मर्सी अहवालाने तिसऱ्या वर्गाशी जाणूनबुजून भेदभाव झाला नाही असा निर्वाळा दिला आणि फरकाचे कारण म्हणून त्या प्रवाशांची जहाज सोडण्याची अनिच्छा, सामानाची ओढ आणि त्यांच्या निवासापासून नौकांच्या डेकपर्यंतची अडचणीची वाट यांकडे बोट दाखवले. त्या चौकशीपुढे तिसऱ्या वर्गातील एकाही प्रवाशाची साक्ष झाली नाही, एवढी नोंद केली म्हणजे या निर्वाळ्याची मर्यादा स्पष्ट होते. अमेरिकी सिनेटच्या चौकशीत अशा मोजक्या साक्षी झाल्या आणि त्यांत अडसर व बंद फाटक यांचे उल्लेख आले. असे अडसर अमेरिकेच्या स्थलांतरविषयक नियमांमुळे जहाजांवर ठेवलेच जात असत, त्यामुळे त्या रात्री कोणी मुद्दाम फाटके लावली की नेहमीची फाटके वेळेवर उघडण्याचा हुकूम कोणी दिला नाही, हा मुद्दा आजही दोन्ही बाजूंनी मांडला जातो. वेन हॉल यांनी १९८६ मध्ये वर्ग आणि मृत्यू यांचा संबंध वैद्यकीय समाजशास्त्राच्या अंगाने तपासला, तेव्हापासून वर्गाचा परिणाम होता की नाही हा वाद राहिलेला नाही. तो हेतूने झाला की रचनेने, एवढाच राहिला आहे.

टायटॅनिकच्या दोन बाजूंवर हुकुमाचा अर्थ वेगवेगळा लावला गेला, हेही येथे नमूद करावयास हवे. डाव्या बाजूला लाइटोलर या अधिकाऱ्याने ‘फक्त स्त्रिया आणि मुले’ असा अर्थ घेतला आणि पुरुषांना जागा रिकामी असतानाही अडवले. उजव्या बाजूला मर्डॉक याने ‘आधी स्त्रिया आणि मुले’ असा अर्थ घेतला आणि जवळ स्त्रिया नसतील तेव्हा पुरुषांना बसू दिले. त्यामुळे एखाद्या पुरुषाचे आयुष्य तो जहाजाच्या कोणत्या बाजूला उभा होता यावर ठरले. पहिल्या नौका तर निम्म्याहून अधिक रिकाम्या गेल्या, कारण जहाज बुडेल यावर तोवर प्रवाशांचा विश्वासच बसला नव्हता. संकेत पाळला गेला असे म्हणताना या दोन्ही बाबी हिशेबात घ्याव्या लागतात.

वेळेचा सिद्धांत

७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज अवघ्या १८ मिनिटांत बुडवले. जहाजावरील सुमारे १,९६० जणांपैकी जवळजवळ १,२०० मरण पावले. आकार, प्रवाशांची सामाजिक घडण आणि मृतांचे प्रमाण या बाबतींत दोन्ही जहाजे जवळची असल्यामुळे ब्रुनो फ्राय, डेव्हिड सॅव्हेज आणि बेन्नो टॉर्गलर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये त्यांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात बहुचल विश्लेषण, म्हणजे वय, लिंग, वर्ग इत्यादी इतर घटक सारखे धरून एकाच घटकाचा परिणाम वेगळा काढण्याची पद्धत वापरली होती. टायटॅनिकवर स्त्रिया, मुले आणि वरच्या वर्गातील प्रवासी यांना लाभ झाला, तर लुसिटानियावर हा लाभ दिसत नाही आणि सोळा ते पस्तीस या वयोगटातील, म्हणजे धडधाकट माणसे अधिक वाचली, असे त्यांना आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे की जीव वाचवण्याची उपजत ऊर्मी तात्काळ उसळते आणि समाजाचे संकेत डोके वर काढण्यास काही काळ जावा लागतो. टायटॅनिकला तो काळ मिळाला, लुसिटानियाला मिळाला नाही.

हे स्पष्टीकरण आकर्षक आहे आणि त्याच कारणाने ते सावधपणे घेतले पाहिजे. लुसिटानिया उजवीकडे इतके कलले की डाव्या बाजूच्या नौका जहाजाच्या अंगावर घासू लागल्या आणि उजव्या बाजूच्या डेकपासून दूर लोंबू लागल्या. अठ्ठेचाळीस नौकांपैकी केवळ सहा नीट पाण्यात उतरल्या. ज्या जहाजावर वाटण्यासाठी जागाच उरल्या नाहीत, तेथे त्या कोणाला द्याव्यात याविषयीचा संकेत टिकला की नाही हे आकड्यांवरून सांगता येत नाही. शिवाय दोनच जहाजांच्या तुलनेत वेळ हा एकच घटक वेगळा होता असे म्हणणे कठीण आहे. युद्धकाळ, टॉर्पेडोनंतर लुसिटानियावर झालेला दुसरा स्फोट, दिवसाची वेळ आणि तीन वर्षांपूर्वीच्या टायटॅनिकची ताजी आठवण हे सारेच वेगळे होते.

अठरा जहाजांचा अभ्यास

या उणिवेवर उपाय म्हणून स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मिकाएल एलिंडर आणि ऑस्कर एरिक्सन यांनी १८५२ ते २०११ या काळातील अठरा दुर्घटनांचा एकत्रित अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. तीसहून अधिक देशांच्या पंधरा हजारांहून अधिक माणसांच्या नोंदी त्यात आहेत. निष्कर्ष रोखठोक होते. स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात वाचतात; कप्तान आणि खलाशी प्रवाशांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाचतात; आणि मुलांचे प्रमाण सर्वांत कमी असते. स्त्रियांना लाभ झाला अशा दुर्घटना अठरांपैकी दोनच होत्या, बर्केनहेड आणि टायटॅनिक. जहाज बुडण्यास लागलेला वेळ आणि संकेताचे पालन यांचा संबंध आढळला नाही, म्हणजे फ्राय आणि सहकाऱ्यांच्या सिद्धांताचा कणाच येथे नाकारला गेला. कप्तानाने स्पष्ट हुकूम दिला तर स्त्रियांचे नुकसान कमी होते, पहिल्या महायुद्धानंतर स्त्री-पुरुषांमधील तफावत घटली आहे आणि ब्रिटिश जहाजांवर स्त्रियांची स्थिती उलट अधिक वाईट होती, अशा आणखी काही गोष्टी त्यातून पुढे आल्या. शौर्याचा आदर्श ज्या देशाने घडवला त्याच देशाच्या जहाजांविषयीचा हा शेवटचा निष्कर्ष वृत्तपत्रांनी उचलून धरला, यात नवल नाही.

आज डेटा सायन्सच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी बहुधा टायटॅनिकच्या प्रवाशांचीच यादी दिली जाते आणि स्त्री असणे हा वाचण्याचा सर्वांत भक्कम निदर्शक आहे, हे ते पहिल्याच दिवशी शिकतात. उप्सालाचा अभ्यास ग्राह्य धरला तर ते एका अपवादाचा नियम शिकत असतात.

तथापि याही अभ्यासावर गंभीर आक्षेप आहेत. फलितावरून हेतू काढणे हा त्यांतील मुख्य. स्त्रिया कमी वाचल्या याचा अर्थ पुरुषांनी त्यांना ढकलले असा होत नाही. त्या मुलांसोबत थांबल्या असतील, खालच्या मजल्यावर असतील, पोहायला शिकलेल्या नसतील किंवा पायघोळ कपड्यांमुळे बुडाल्या असतील. ३ सप्टेंबर १८७८ रोजी टेम्स नदीत ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही सहलीची आगबोट बुडून सहाशेहून अधिक लोक गेले, तेव्हा भिजून जड झालेले कपडे आणि पोहता न येणे ही कारणे समकालीनांनाही स्पष्ट दिसली होती. अभ्यासकांनी ‘जो तो आपल्यापुरता’ हा सारांश काढला, तो या आक्षेपांनंतर जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मात्र संकेत आपोआप टिकतो हा दावा त्यांनी खोडून काढला, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

शरीर, जागा आणि गोठलेले मन

तिसऱ्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा ‘एस्टोनिया’ या बाल्टिक समुद्रातील फेरीबोटीचा आहे. २८ सप्टेंबर १९९४ च्या मध्यरात्रीनंतर वादळी समुद्रात तिच्या पुढच्या टोकाचे उघडणारे झाकण निखळून मोटारींच्या डेकवर पाणी शिरले आणि तासाभराच्या आत ती बुडाली. ९८९ पैकी १३७ जण वाचले. त्यांत १११ पुरुष आणि २६ स्त्रिया होत्या आणि बारा वर्षांखालील एकही मूल नव्हते. एस्टोनिया, फिनलंड आणि स्वीडन यांच्या संयुक्त आयोगाच्या हिशेबाप्रमाणे सुमारे तीनशे माणसेच बाहेरच्या डेकवर पोहोचू शकली, कारण जहाज इतक्या वेगाने कलले की जिने आणि मार्गिका भिंतींसारख्या उभ्या झाल्या. अशा जिन्यावर स्वतःला ओढून नेण्याची हातांत ताकद असणे, हाच तेथे निवडीचा निकष ठरला. कोणी कोणाला वाट दिली वा नाकारली, हा प्रश्न बहुसंख्य प्रवाशांच्या बाबतीत उद्भवलाच नाही.

मनाच्या भूमिकेविषयी दोन मते आहेत. जॉन लीच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने अनेक दुर्घटनांच्या अभ्यासावरून असे मांडले की बहुसंख्य माणसे संकटाच्या पहिल्या मिनिटांत ना घाबरून पळतात, ना शहाणपणाने वागतात; ती गोठून बसतात, कारण अपरिचित प्रसंगासाठी मेंदूजवळ तयार कृती नसते आणि नवी रचायला वेळ कमी पडतो. दुसरे मत समूहाच्या अभ्यासकांचे आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ क्वारंटेली यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून आणि ब्रिटनचे जॉन ड्रुरी यांनी अलीकडे असे दाखवले की आपत्तीत सापडलेले अनोळखी लोक एकमेकांना मदत करतात, आणि ‘घबराट’ हा शब्द बहुधा बाहेरून पाहणारे व दोष झटकू पाहणारे अधिकारी वापरतात. दोन्ही मते एकमेकांना छेद देतात असे मानण्याची गरज नाही, कारण एक पहिल्या काही मिनिटांविषयी बोलते आणि दुसरे त्यानंतरच्या काळाविषयी.

पाण्यात पडल्यानंतरचे गणित शरीराचे आहे. फ्रँक गोल्डन आणि मायकेल टिप्टन यांच्या कामामुळे थंड पाण्यातील मृत्यूचे टप्पे आता स्पष्ट आहेत: पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वास अनावर होऊन पाणी ओढले जाणे, नंतरच्या अर्ध्या तासात हातापायांचे स्नायू निकामी होऊन पोहणे थांबणे, आणि त्यापुढे हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली जाणे. चौथा टप्पा सर्वांत अनपेक्षित आहे; पाण्यातून उचलताना रक्तदाब एकाएकी कोसळून, सुटका झाली त्याच क्षणी माणूस दगावतो. टायटॅनिकभोवतीचे पाणी शून्याखाली सुमारे २ अंश होते, त्यामुळे जीवरक्षक जाकीट घालून तरंगणाऱ्या शेकडो लोकांना बुडून नव्हे तर थंडीने मृत्यू आला.

कप्तान आणि खलाशी

खलाशी अधिक वाचतात हा निष्कर्ष नैतिक रोषाला आमंत्रण देणारा असला तरी त्याला साधे कारणही आहे: जहाज, वाटा आणि नौका त्यांच्या परिचयाच्या असतात, ते अनेकदा जागे आणि डेकवर असतात, आणि प्रत्येक नौकेत ती चालवणारे खलाशी लागतातच. टायटॅनिकवर मात्र त्यांच्यापैकी केवळ चौथ्या हिश्शाच्या आसपास वाचले, म्हणजे येथेही ते जहाज अपवादच ठरले. ‘सेवोल’ या कोरियन फेरीबोटीचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. १६ एप्रिल २०१४ रोजी ती कलंडू लागल्यावर प्रवाशांना जागेवरच थांबण्याच्या सूचना ध्वनिक्षेपकावरून वारंवार दिल्या गेल्या, कप्तान आणि बरेचसे खलाशी लवकर बाहेर पडले, आणि ४७६ पैकी ३०४ जण मरण पावले. त्यांत एकाच शाळेचे २५० विद्यार्थी होते. येथे आज्ञाधारकपणा हाच घातक ठरला. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कप्तानाला हत्येबद्दल दिलेली जन्मठेप कायम केली. इटलीत २०१२ च्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ प्रकरणी कप्तानाला सोळा वर्षांची शिक्षा झाली, तिच्यात प्रवासी बाकी असताना जहाज सोडणे हा स्वतंत्र गुन्हा धरलेला होता. कप्तानाने जहाजाबरोबर बुडावे अशी अपेक्षा आज कोणताही कायदा करत नाही; त्याने शेवटपर्यंत सुटकेचे संचालन करावे एवढेच त्याचे कर्तव्य मानले जाते, आणि ते किनाऱ्यावरून करता येते का, यावर मतभेद आहेत.

वाचलेल्यांची साक्ष आणि नंतरचे आयुष्य

वाचलेल्यांच्या साक्षीवर किती भिस्त ठेवावी, हा स्वतंत्र वाद आहे. धक्क्यातील स्मृती तुटक असते आणि वृत्तपत्रे तिला आकार देतात, म्हणून इतिहासकार तिच्याकडे संशयाने पाहतात. परंतु टायटॅनिक बुडण्यापूर्वी दुभंगले असे अनेक प्रवाशांनी सांगितले असताना १९१२ च्या चौकशांनी ते अखंड बुडाल्याचे मानले, आणि १९८५ मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले तेव्हा ते दोन मोठ्या तुकड्यांत होते. ते अखंड बुडाले असे सांगणाऱ्यांत लाइटोलर या अनुभवी अधिकाऱ्याची साक्ष होती आणि तिचे वजन अधिक धरले गेले होते. साक्ष चुकते हे खरे. ती कोणाची यावर तिची किंमत ठरवण्याची पद्धतही चुकते, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

वाचल्यानंतरच्या आयुष्याविषयीचे पद्धतशीर संशोधन मुख्यतः ब्रिटनमध्ये झाले. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट उलटून १९३ जण गेले, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये ग्रीसच्या पिरेअस बंदराबाहेर ‘ज्युपिटर’ हे सुमारे चारशे ब्रिटिश शाळकरी मुले घेऊन निघालेले जहाज बुडाले. ज्युपिटरवरील मुलांचा विल्यम यूल आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांना कधी ना कधी आघातोत्तर तणावविकार, म्हणजे प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे आणि आठवण देणारे सारे टाळणे या लक्षणांचा विकार, झाल्याचे दिसले. हेरल्डवरील प्रौढांच्या पाहणीत मात्र जगण्याकडे पाहण्याची दृष्टी बिघडली म्हणणाऱ्यांच्या जवळपास तितकेच लोक ती सुधारली असे म्हणाले, आणि या अनपेक्षित उत्तरातून आघातानंतरच्या वाढीविषयीच्या संशोधनाला चालना मिळाली. ही सुधारणा खरी की स्वतःची समजूत, हे ठरवण्याची सर्वमान्य कसोटी अजून नाही.

समाज वाचलेल्याकडे कसे पाहतो, यावरही त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. टायटॅनिकवरून वाचलेले जपानी रेल्वे खात्यातील अधिकारी मासाबुमी होसोनो यांना नोकरीवरून कमी करण्यात आले, पुढे पुन्हा घेण्यातही आले. त्यांना आयुष्यभर राष्ट्रीय कलंक सोसावा लागला ही प्रचलित कथा अतिरंजित असावी, असे अलीकडील संशोधन सुचवते. त्याच जहाजावरील आठ चिनी प्रवाशांपैकी सहा वाचले, त्यांना अमेरिकेच्या चिनी-बंदी कायद्यामुळे न्यूयॉर्कमध्ये थांबताही आले नाही, आणि त्यांच्याविषयी स्त्रियांचा वेष घेतल्याच्या अफवा छापल्या गेल्या. संकेत पाळला गेला असे मानले की वाचलेल्या पुरुषाकडे संशयाने पाहिले जाते, आणि परका असेल तर तो संशय बातमी होतो.

यादीत नसलेली माणसे

वरील सर्व संशोधन एका गृहीतावर उभे आहे: जहाजावर कोण होते हे माहीत आहे. एलिंडर आणि एरिक्सन यांच्या अठरा दुर्घटना या नोंदी उपलब्ध असलेल्या दुर्घटना आहेत आणि नोंदी कोठे राहतात, हे देशाच्या संपत्तीवर आणि नौवहनाच्या प्रकारावर अवलंबून असते. २० डिसेंबर १९८७ रोजी फिलिपीन्समध्ये ‘दोन्या पाझ’ ही बोट तेलवाहू जहाजावर आदळून जळाली, तेव्हा अधिकृत यादीत पंधराशेच्या आसपास प्रवासी होते आणि पुढील तपासात मृतांचा अंदाज चार हजारांच्या वर गेला. दोन्ही जहाजांची मिळून २६ माणसे वाचली. सेनेगलची ‘ल जोला’ २६ सप्टेंबर २००२ रोजी क्षमतेच्या तिपटीहून अधिक प्रवासी घेऊन काही मिनिटांत उलटली, अठराशेहून अधिक लोक गेले आणि वाचलेल्या ६४ जणांत एकच स्त्री होती. मोठ्या प्राणहानीच्या दुर्घटनांचा भार आता अशा देशांतर्गत फेऱ्यांवर आहे, आणि १९१४ पासून टप्प्याटप्प्याने विकसित झालेला सागरी जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याने सर्वांसाठी नौका आणि चोवीस तास बिनतारी पहारा बंधनकारक केला, तो मुळात आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होतो. एस्टोनियानंतर युरोपीय संघाने १९९८ मध्ये प्रवासी मोजण्याची आणि नोंदवण्याची सक्ती केली, ती आपल्या सदस्यदेशांपुरती.

पश्चिम भारताचा किनारा या पोकळीत पूर्णपणे मोडतो. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’, जिला विजेच्या दिव्यांमुळे लोक ‘वीजळी’ म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली आणि एकही साक्षीदार उरला नाही, त्यामुळे तिची हकिकत गुजराती लोकगीतांच्या वाट्याला गेली. कोकणच्या प्रवाशांनी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी गमावल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात मुंबईपासून काही मैलांवर कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गटारीसाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांनी ती भरलेली होती; लाटांचे पाणी आत आल्यावर लोक एका बाजूला धावले आणि बोट उलटली, असे वर्णन केले जाते. काही जणांना कोळ्यांच्या मचव्यांनी उचलले, काही पोहत किनाऱ्याला लागले, आणि मुंबईत ही खबर संध्याकाळी पोहोचली. महिन्याभरात स्वातंत्र्य आणि फाळणी यांनी वृत्तपत्रांची पाने व्यापली.

रामदासविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक बोट का बुडाली आणि दोष कोणाचा, या पहिल्या प्रश्नाविषयीचे असते. दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने ती लुसिटानिया आणि ल जोला यांच्या रांगेतील आहे: बुडण्यास लागलेला वेळ अत्यल्प, नौका वापरण्यास सवड नाही, पाणी मात्र उबदार. थंडीचा घटक वजा झाल्यामुळे पोहता येणे, तरंगणारी वस्तू हाती लागणे आणि मचवे येईपर्यंत टिकणे, यांचा वाटा येथे वेगळा काढता येण्याजोगा आहे, आणि उत्तर अटलांटिकच्या नोंदींतून तो काढता येत नाही. त्यासाठी वाचलेल्यांचा आणि बुडालेल्यांचा वय, लिंग व गाव यांनुसार तक्ता लागेल. तो तिकिटांच्या हिशेबातून होणार नाही, तर अलिबाग, उरण, पेण आणि रोहा भागांतील गावांच्या मृत्यूनोंदी, पोलिसांचे पंचनामे, समकालीन वृत्तपत्रांतील नावे आणि कुटुंबांनी जपलेल्या तिथी एकमेकांशी ताडून बांधावा लागेल; आणि बिगर-तिकीट चढलेली तान्ही मुले त्यातूनही निसटण्याची शक्यता धरूनच त्याचे निष्कर्ष वाचावे लागतील.